चार भेंड्यांचं काय करायचं?

सकाळी कुंड्यांना पाणी घालायला जावं आणि भेंडीच्या रोपावर चार कोवळ्या भेंड्या दिसाव्यात! मन हरखून जातं. फोटो निघतो, घरच्यांच्या ग्रुपवर जातो, कौतुकाचे अंगठे येतात. मग खरा प्रश्न समोर उभा राहतो. या चार भेंड्यांचं करायचं काय?

घरात माणसं चार आणि भाजीला पाव किलो तरी भेंडी हवी. म्हणून तुम्ही म्हणता, अजून थोड्या येऊ देत, मग एकदम काढू. चार दिवसांनी नव्या भेंड्या येतात, तोवर आधीच्या निबर होऊन दोरीसारख्या झालेल्या असतात. शिवाय जून शेंगा झाडावरच राहिल्या की रोप त्यांच्यातल्या बिया पोसण्यात गुंततं आणि नवी फुलं कमी धरतं. म्हणजे थांबल्यामुळे जुन्याही गेल्या आणि नव्याही घटल्या.

हौसेनं लावलेली बाग सोडून दिलेल्या कुणाशीही बोलून बघा. कीड पडली, वेळ मिळत नाही, ही कारणं असतातच. पण थोडं पुढे बोललं की हमखास एक वाक्य येतं, ‘अहो, येतं एवढंसं, त्याचं काय करणार?’ आणि गॅलरीच्या कोपऱ्यात रिकाम्या कुंड्या एकात एक घालून ठेवलेल्या असतात.

वाचकहो, या ‘एवढंसं’ची गोष्ट आज बोलू या. माझं म्हणणं साधं आहे. बाग कमी देत नाही, आपण तिला बाजाराचं माप लावतो. बाजार एकाच भाजीचा अर्धा किलो देतो. बाग पाच भाज्यांची एकेक मूठ देते. आपला रोजचा स्वयंपाक अर्ध्या किलोच्या हिशेबाचा झालाय, म्हणून मूठ हातात आली की आपण गोंधळतो. मुठीचा स्वयंपाक मात्र आपल्याकडे आधीपासून आहे, तो फक्त रोजच्या वापरात आणायचा आहे.

मुठीच्या मापाची भाजी

गणेशचतुर्थीच्या दुसऱ्या दिवशी ऋषिपंचमी येते. त्या दिवशी अनेक मराठी घरांत ‘ऋषीची भाजी’ होते. तिचा नियम तुम्हाला ठाऊक असेल. बैलाच्या श्रमावर पिकलेलं त्या दिवशी खायचं नाही. नांगरलेल्या शेतातलं धान्य नको, डाळ नको. मग उरतं काय? परसात, कुंपणाच्या कडेला, न्हाणीच्या पाण्यावर हातानं लावलेलं जे असेल ते. अळू, माठ, भोपळा, पडवळ, दोडका, भेंडी, अंबाडी, सुरण, मक्याचं कणीस. बऱ्याच घरांत या भाजीला फोडणी नसते, मसाला नसतो. चिंच, मिरची, मीठ आणि ओलं खोबरं एवढ्यावर ती उभी राहते.

व्रत पाळणं न पाळणं ज्याच्या त्याच्या घरचा प्रश्न. स्वयंपाकाच्या नजरेनं पाहिलं तर ही भाजी परसबागेच्या अगदी मापाची आहे. तिला अर्धा किलो काहीच लागत नाही. दोन-चार अळूची पानं, एक दोडका, भोपळ्याची एक फोड आणि हो, चार भेंड्या! एकट्या असताना बिचाऱ्या वाटणाऱ्या त्याच चार भेंड्या इथे नेमक्या पुरतात.

ही युक्ती आपलीच आहे असंही नाही. संक्रांतीच्या आदल्या दिवशीची आपली भोगीची भाजी याच वळणाची. गोव्यात तिरफळाच्या वासाचं खतखतं होतं. केरळात अवियल होतं, त्यात सुरण, कच्चं केळं, पडवळ, शेवग्याच्या शेंगा असं काय काय पडतं आणि शेवटी वरून कच्चं खोबरेल आणि कढीपत्ता. बंगालमध्ये जेवणाची सुरुवात करणाऱ्या शुक्तोत कारल्याचा थोडासा कडूपणा पाच-सहा भाज्यांत मुरवतात. गुजरातचं हिवाळी उंधियू तर सगळ्यांनाच माहीत आहे. प्रत्येक ठिकाणची चव वेगळी, पण शहाणपण एकच. थोडं थोडं बरंच काही असेल, तर ते एका भांड्यात आणा.

आषाढ ते भाद्रपद

आता थोडी आखणी करू या. आषाढाच्या पहिल्या दिवशी बी टाकलं, तर ऋषिपंचमीपर्यंत दोन महिने आणि वर चार दिवस मिळतात (मध्ये अधिक मास आला तर महिनाभर जास्त). एवढ्या काळात काय हाताशी येतं ते बघू.

लाल माठ सगळ्यात उतावळा. पसरट टबात किंवा जुन्या क्रेटमध्ये बी विरळ भुरभुरवा, वर मातीचा अगदी पातळ थर द्या. महिन्याभरात कोवळा पाला येतो. मुळासकट उपटू नका. दोन-तीन बोटं खुंट ठेवून कापलात, तर तो पुन्हा फुटतो.

भेंडीचं बी रात्रभर भिजवून लावा. बारा इंची कुंडीत एकच रोप ठेवा, अशी चार रोपं पुरेत. दीड-दोन महिन्यांत तोडा सुरू होतो. फूल गळल्यावर चार-सहा दिवसांत भेंडी काढायची, मग ती लहान वाटली तरी.

दोडक्याला मोठी कुंडी आणि गॅलरीचे गज किंवा दोरी लागते. त्याची पिवळी फुलं संध्याकाळी उमलतात. मागे बोटभर लहानसा दोडका असलेलं फूल मादी, नुसत्या देठावरचं नर. उंच मजल्यावर कीटक फिरकत नसतील, तर संध्याकाळी नर फूल तोडून मादी फुलाच्या मध्यावर हलकेच फिरवा. हे काम घरातल्या मुलांकडे द्या. आपण ‘लावून दिलेला’ दोडका ताटात आला की नाक मुरडणारं मूलही निदान चाखून बघतं.

अंबाडीचा पाला महिना-सव्वा महिन्यात मिळू लागतो. शेंडे खुडले की ती बाजूंनी फुटते.

अळूसाठी कुणाकडून तरी खाण्याच्या अळूचा कांदा किंवा रोप मागून आणा. त्याला ओल आवडते, जुनी बादलीही चालते. पूर्वी ते न्हाणीच्या पाण्यावर वाढायचं. आजच्या डिटर्जंटचं पाणी मात्र घालू नका. तांदूळ-डाळ धुतलेलं पाणी उत्तम. बाहेरची पानं काढायची, आतली दोन-तीन ठेवायची, म्हणजे झाड चालू राहतं.

इथे एक गोष्ट नीट लक्षात ठेवा. नर्सरीत शोभेसाठी मिळणारी अळूसारखी झाडं खाण्याची नसतात. पान ओळखीचं वाटलं म्हणून तोडू नका. जे अळू कुणाच्या तरी घरी खाल्लं जातं, त्याचंच रोप लावा.

तीन गोष्टी कुंडीतून मागू नका. सुरण तयार व्हायला सात-आठ महिने घेतो. लाल भोपळा पिकायला तीन महिन्यांहून जास्त लागतात आणि वेल घरभर पसरतो. मक्याचे पराग वाऱ्यानं पडतात, म्हणून एखाददुसरं झाड लावलं तर कणसात दाणे नीट भरत नाहीत. हे तीन बाजारातून आणा. परसातल्या पाच मुठी आणि बाजारातल्या तीन, एवढ्यात भाजी उभी राहते.

हे वेळापत्रक महाराष्ट्रातल्या पावसाचं झालं. चेन्नईच्या बाजूला मोठा पाऊस ऑक्टोबर ते डिसेंबरमध्ये येतो, तिथे पेरणी आपल्या आभाळाकडे बघून करा. दिल्ली, ग्वाल्हेरच्या थंडीत भेंडी आणि अळू मागे पडतात. मग त्याच टबांत मेथी, मुळा, पालक लावा. भाज्या बदलल्या तरी मुठीचा हिशेब तोच राहतो.

नाव बदललं तरी भाजी तीच

महाराष्ट्राबाहेर राहणाऱ्यांची एक वेगळी अडचण असते. मुंबई-पुण्यात ऋषिपंचमीच्या आदल्या दिवशी या भाजीचे वाटे मंडईत मांडलेले असतात. बेंगळुरूत किंवा कोलकात्यात कोण मांडणार? शिवाय नावं वेगळी. बाजारात अळू, अंबाडी विचारून रिकाम्या हातानं परत यावं लागतं, आणि दोन-तीन वर्षं असं झालं की भाजी त्या घरातून निघूनच जाते. पुढच्या पिढीला तिची चवही माहीत नसते.

म्हणून ही नावं जवळ ठेवा. अंबाडी तेलुगू बाजारात गोंगुरा नावानं ढिगानं मिळते. अळूच्या पानांना हिंदीत अरबी के पत्ते म्हणतात, गुजरातेत त्याच पानांचा पात्रा होतो. लाल माठ बंगालमध्ये लाल शाक, केरळात चीरा. सुरण हिंदीत जिमीकंद, बंगालमध्ये ओल, केरळात चेना. दोडका हिंदीत तोरी, बंगालमध्ये झिंगे, कन्नडमध्ये हीरेकाई, तेलुगूत बीरकाया. पडवळ तमिळमध्ये पुडलंगाई. जी भाजी तरीही मिळणार नाही, तिची एक कुंडी घरात ठेवा. सगळी बाग लावायची नाही म्हणणाऱ्यांनाही एवढं जमतं.

आता भांडं चढवू या

चार माणसांसाठी अळूची चार-पाच पानं देठांसकट, माठाच्या दोन मुठी, अंबाडीची एक मूठ, सुरणाच्या आणि भोपळ्याच्या फोडी एकेक वाटी, एक दोडका, एक कणीस, पाच-सहा भेंड्या, दोन-तीन हिरव्या मिरच्या, दोन चमचे चिंचेचा कोळ, अर्धी वाटी ओलं खोबरं. भेंड्या चारच असतील तर चार घाला, भाजी रुसत नाही.

अळू आणि सुरणात सुईसारखे बारीक स्फटिक असतात, त्यांनी घशाला आणि हाताला खाज येते. म्हणून चिरताना हाताला तेल लावा. सुरणाच्या फोडी थोडा वेळ चिंचेच्या पाण्यात ठेवा. अळूचे देठ सोलून घ्या.

जाड बुडाच्या पातेल्यात सुरण, चिरलेलं अळू, देठ, कणसाचे तुकडे, मिरच्या, अर्धा चिंचेचा कोळ आणि दोन वाट्या पाणी घाला. झाकण ठेवून पंधरा मिनिटं शिजू द्या. मग भोपळा, दोडका आणि माठाचे जाड देठ टाका, आणखी आठ-दहा मिनिटं. शेवटी माठाची पानं, अंबाडी, बोटभर लांबीच्या भेंड्या आणि उरलेला कोळ. आंबटपणामुळे भेंडीला तार सुटत नाही. पाच-सात मिनिटांनी मीठ आणि खोबरं घालून एक उकळी काढा. अंबाडी जास्त असेल तर चिंच कमी करा.

उतरवण्याआधी अळूचं पान चमच्यानं दाबून पाहा. त्याचा लगदा झाला पाहिजे. जरा जरी अख्खं वाटलं, तरी भांडं आणखी दहा मिनिटं राहू द्या. या भाजीत घाई फक्त अळू पकडतं. मुतखड्याचा त्रास असणाऱ्यांनी अळू आणि माठ किती खावं, हे डॉक्टरांना विचारून ठरवावं.

पहिल्यांदा खाणाऱ्याला ही भाजी फिकी वाटेल. फोडणीचा खमंगपणा तिच्यात नाही. दुसऱ्या घासाला मात्र भोपळ्याची गोडी वेगळी कळते, अंबाडीचा आंबटपणा वेगळा, मक्याचा दाणा वेगळा. घरचं कोवळं असेल तर हा फरक जास्त जाणवतो.

रोजचा डबा

ऋषिपंचमी वर्षातून एकदा, बाग मात्र रोज थोडं थोडं देते. त्यासाठी फ्रीजमध्ये एक डबा ठेवा. तळाला कोरडं कापड घाला. रोज सकाळी जे तयार असेल ते न धुता त्यात ठेवा. आज चार भेंड्या, उद्या माठाची मूठ, परवा एक दोडका. तिसऱ्या दिवशी डबा रिकामा करायचा, त्यापुढे थांबायचं नाही.

डबा उघडल्यावर काय करायचं ते कसं ठरवायचं? मी एक सोपा ताळा वापरते. एक गोड, एक आंबट, एक भरीव, एक पालेभाजी. भोपळा किंवा गाजर गोडीला. अंबाडी, टोमॅटो, आमसूल आंबटाला. बटाटा, सुरण किंवा मूठभर शिजलेले दाणे भरीव म्हणून. आणि पाल्याची मूठ. या चौघांत भेंडी, दोडका, घेवडा काहीही पडलं तरी भाजी जमते. ऋषीच्या भाजीला फोडणी नसली तरी रोजच्या भाजीला द्या, जिऱ्याची द्या, लसणाची द्या. घरच्यांना आवडेल तसं.

एवढंही जमलं नाही, तर मूठभर पाला थालीपिठात जातो, पिठल्यात जातो. दोडक्याच्या शिरा तीळ घालून खमंग परतल्या की चटणी होते. अळूच्या देठांची दह्यातली देठी होते. भोपळ्याचा वेल असेल आणि भोपळा धरत नसेल, तर त्याच्या नर फुलांची भजी करा, फळासाठी दोन-तीन फुलं मागे ठेवा म्हणजे झालं.

एक मूठ दाराबाहेर

मुठीच्या हिशेबाचा आणखी एक फायदा आहे. अर्धा किलो भेंडी शेजारी नेऊन द्यायला संकोच वाटतो, घेणाऱ्यालाही वाटतो. अळूची चार पानं सहज देता येतात. समोरच्या गुजराती घरात त्यांचा पात्रा होतो, वरच्या मजल्यावरच्या मल्याळी आजींकडे कढीपत्त्याचं झाड असतं. तुमच्या कॉलनीत कोण काय लावतं, ते एकदा विचारून बघा. तुमच्याकडे पाच मुठी आणि त्यांच्याकडे तीन, म्हणजे आठ भाज्यांची बाग झाली. कुणालाच जास्तीची एक कुंडीही घ्यावी लागली नाही.

घरातही कामं वाटून जातात. आजोबांनी माठ निवडावा, मुलांनी संध्याकाळी दोडक्याची फुलं मोजावीत, ज्याला सकाळी लवकर जाग येते त्यानं डबा भरावा. भाजी कोण करणार हा प्रश्न मग एकट्या आईच्या गळ्यात पडत नाही.

तेव्हा या आठवड्यात एवढंच करा. रिकाम्या कुंड्यांपैकी दोन खाली उतरवा, एकीत माठ भुरभुरवा, दुसरीत भिजवलेलं भेंडीचं बी लावा. फ्रीजमधला एक डबा मोकळा करा. आणि दोन महिन्यांनी रोपावर भेंड्या दिसल्या, की ‘अजून थोड्या येऊ देत’ म्हणू नका. असतील तेवढ्या, त्याच सकाळी, कोवळ्या असतानाच काढा.